डिजिटल फोटोंसाठी डॉजिंग आणि बर्निंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले शॉर्टकट विंडोजचे आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन दाबा. ब्लरचे पिक्सेलमधले आकडे साधारण २४ मेगापिक्सेलच्या फोटोसाठी आहेत. फोटो लहान असेल तर त्याच प्रमाणात कमी करा.

डॉजिंग आणि बर्निंग म्हणजे नेमके काय?

फोटोचा ठरावीक भाग उजळणे म्हणजे डॉज आणि ठरावीक भाग गडद करणे म्हणजे बर्न. एक्सपोजर किंवा ब्राइटनेसचा स्लायडर सगळा फोटो एकदम वरखाली करतो. इथे मात्र चेहऱ्याला पाव स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) द्यायचा, मागच्या भिंतीचा अर्धा स्टॉप काढायचा आणि हाताला अजिबात हात लावायचा नाही, असा निर्णय जागोजागी घेता येतो. बघणाऱ्याची नजर आधी उजळ आणि जास्त कॉन्ट्रास्ट असलेल्या भागाकडे जाते, म्हणून नजर कुठे थांबावी आणि कुठून निघून जावी हे ठरवण्याचे हे सर्वांत थेट साधन आहे.

हे फोटोशॉपमुळे आले का?

नाही, हे डार्करूममधले काम आहे. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून छापायच्या यंत्राचा, प्रकाश निगेटिव्हमधून कागदावर पडतो आणि जिथे जास्त प्रकाश पडेल तिथे कागद जास्त काळा होतो. समजा मूळ एक्सपोजर १० सेकंदांचे आहे. त्यातली २ सेकंद तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर धरली, की चेहरा उजळ येतो. मग भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून आकाशाला आणखी १० सेकंद दिली, की आकाश एक स्टॉपने गडद होते. चकती सतत हलती ठेवावी लागे, नाहीतर तिची कड कागदावर उमटे. आज मऊ कडेचा ब्रश वापरा असे सांगतात त्याचे कारणही हेच आहे.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे १९४१ मधले ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे छायाचित्र या कामाचा उत्तम नमुना आहे. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. पुढच्या काळातल्या प्रिंटमध्ये तेच आकाश बर्न करत करत जवळजवळ काळे झालेले आहे. निगेटिव्ह तेच होते, अर्थ लावण्याची पद्धत बदलत गेली.

कुठे उजळायचे आणि कुठे गडद करायचे, हे कसे ठरवायचे?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्यावा. ब्रश हातात घेण्याआधी फोटोत प्रकाश कुठून येतोय ते बघा: सावल्या कोणत्या बाजूला पडल्यात, नाकाची सावली कुठे आहे, डोळ्यातला चमकता ठिपका वरच्या बाजूला आहे की डावीकडे. प्रकाश डावीकडून येत असेल तर डावीकडे तोंड केलेले भाग उजळायचे आणि उजवीकडे वळणारे भाग गडद करायचे. दोन्ही गाल सारखेच उजळले, की चेहरा सपाट होतो. वेरूळच्या कैलास मंदिरातले कोरीव काम सकाळच्या किंवा दुपारनंतरच्या तिरक्या उन्हात टिपले असेल, तर प्रत्येक आकृतीची उन्हाकडची कड थोडी उचला आणि पाठीमागची खोबण थोडी खाली न्या. सगळे तपशील दिसावेत म्हणून खोबणीही उजळल्या, तर बेसॉल्टमधली ती खोली निघून जाते आणि भिंत चित्र काढल्यासारखी दिसू लागते.

मग फोटो अगदी लहान करून, अंगठ्याएवढा, बघा. डोळे किलकिले केले तरी चालेल. विषयाआधी जे काही खुपते ते बर्न करायचे: कोपऱ्यातली पांढरी पिशवी, कडेला अर्धवट आलेला उजळ शर्ट, झाडीतून दिसणारा आकाशाचा तुकडा. नवशिके बहुतेक वेळा विषय उजळत बसतात. आजूबाजूचे उजळ अडथळे आधी खाली आणले, तर विषयाला फारसे काही करावे लागत नाही, आणि फोटोही नैसर्गिक राहतो.

रॉ फाइल लागतेच का? जेपीईजीवर चालत नाही का?

हलके काम चालते. जेपीईजी ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या चॅनेलमध्ये फक्त २५६ पायऱ्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये, १२ किंवा १४ बिट असतात. जेपीईजीतली गडद सावली एक स्टॉप उचलली, की थोड्याच पायऱ्या ताणल्या जातात आणि कॉम्प्रेशनचे चौकोनी ठोकळे वर येतात. जेपीईजीवर काम करायचेच असेल तर पाव ते अर्ध्या स्टॉपच्या पुढे जाऊ नका आणि फोटोशॉपमध्ये आधी इमेज > मोड मधून १६ बिट करून घ्या. त्याने गेलेले तपशील परत येत नाहीत, पण पुढच्या प्रत्येक फेरीत होणारे नवे नुकसान कमी होते.

एडिटिंगच्या क्रमात हे कधी करायचे?

व्हाइट बॅलन्स, एकूण एक्सपोजर, लेन्स करेक्शन आणि क्रॉप झाल्यावर. पुरळ, धूळ, तारा वगैरे काढून झाल्यावर. कलर ग्रेडिंग आणि शार्पनिंगच्या आधी. आधी डॉज-बर्न करून मग कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवला, तर तुमचे सगळे फटकारे दुप्पट जोराने दिसू लागतात. म्हणून शेवटी कॉन्ट्रास्ट वाढवणार असाल, तर तो लेयर (फोटोवर ठेवलेला वेगळा थर) तात्पुरता सुरू ठेवून खाली काम करा.

फोटोशॉपमध्ये डॉज आणि बर्न ही तयार टूल्स आहेत. तीच का वापरू नयेत?

कारण ती थेट पिक्सेलवर काम करतात. फाइल बंद केली, की मागे जायचा रस्ता उरत नाही. वापरायचीच असतील तर कंट्रोल + जे दाबून लेयरची प्रत काढा, एक्सपोजर ३ ते ६ टक्के ठेवा, रेंज मिडटोन्स ठेवा आणि ‘प्रोटेक्ट टोन्स’वर खूण करा. शॉर्टकट ओ आहे. ऑल्ट दाबून ठेवले की डॉजचे बर्न आणि बर्नचे डॉज होते.

पण एका कामात या टूल्सना तोड नाही, ते म्हणजे लेयर मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा काळा-पांढरा पडदा) साफ करणे. केसांचे सिलेक्शन करून मास्क बनवला आणि केसांभोवती राखाडी धूर उरला, तर मास्कवर क्लिक करा, बर्न टूलची रेंज शॅडोज करा आणि तो भाग घासा. जे फिकट काळे आहे ते पूर्ण काळे होते, पांढऱ्या बटांना धक्का लागत नाही. उलट बाजूला डॉज टूल हायलाइट्स रेंजवर ठेवून बटा पांढऱ्या करा. फोटोवर न वापरता मास्कवर वापरायचे टूल म्हणून ते जवळ ठेवा.

५० टक्के ग्रे लेयरची पद्धत कशी करायची?

१. कंट्रोल + शिफ्ट + एन दाबा. येणाऱ्या चौकटीत मोड (लेयर खालच्या फोटोत कसा मिसळतो ते) ‘सॉफ्ट लाइट’ निवडा आणि खालच्या ‘५० टक्के ग्रेने भरा’ या पर्यायावर खूण करा. मोड निवडल्याशिवाय हा पर्याय उमटत नाही.

२. ब्रश घ्या (बी). हार्डनेस ०, ओपॅसिटी १००, फ्लो (एका फेरीत किती रंग उतरतो ते) २ ते ५ टक्के.

३. डी दाबून रंग काळा-पांढरा करा. एक्स दाबून अदलाबदल करा. पांढऱ्याने डॉज, काळ्याने बर्न.

४. भागाच्या रुंदीपेक्षा थोडा लहान ब्रश घेऊन हळूहळू फेऱ्या मारा. ब्रश लहान-मोठा करायला चौकोनी कंसांच्या कळा.

५. चूक झाली तर ५० टक्के राखाडी रंगाने, म्हणजे आरजीबी १२८-१२८-१२८ ने, त्यावर रंगवा. तो भाग मूळ स्थितीला येतो.

सॉफ्ट लाइट मोडमध्ये ५० टक्के राखाडीचा परिणाम शून्य असतो, म्हणून लेयर दिसत नाही, फक्त तुमचे फटकारे दिसतात. ओव्हरले मोडही चालतो, पण तो बराच जोरात लागतो. चेहऱ्यासाठी सॉफ्ट लाइटच ठेवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा: खालचा पिक्सेल पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा असेल, तर या दोन्ही मोडमध्ये कितीही घासले तरी तो जागचा हलत नाही. ‘ब्रश चालत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा कारण हे असते. उरलेल्या वेळा चुकून खालचा लेयर निवडलेला असतो.

ग्रे लेयर आणि कर्व्ह्ज, यातले चांगले कोणते?

पोर्ट्रेटसाठी कर्व्ह्ज, म्हणजे रेघ वरखाली ओढून उजेड बदलणारा लेयर. दोन कर्व्ह्ज लेयर बनवा. एकात मधला बिंदू १२८ वरून १५० च्या आसपास उचला, त्याला ‘डॉज’ नाव द्या. दुसऱ्यात १२८ वरून १०५ च्या आसपास खाली ओढा, त्याला ‘बर्न’ म्हणा. दोन्हींचे मास्क निवडून कंट्रोल + आय दाबा, म्हणजे मास्क काळे होतील आणि परिणाम लपेल. आता मास्कवर पांढऱ्या ब्रशने, फ्लो १ ते ३ टक्के ठेवून, हवे तिथे परिणाम उघडा.

फायदे तीन. उजेड आणि अंधार वेगळ्या लेयरवर असल्याने कमीजास्त करणे सोपे. कर्व्ह नंतर बदलता येतो, सगळे पुन्हा रंगवावे लागत नाही. आणि ब्लेंड मोड तुमच्या हातात राहतो, ज्याची गरज पुढच्याच प्रश्नात येते. निसर्गचित्रात झटपट काम हवे असेल तर ग्रे लेयर पुरतो.

बर्न केले की त्वचा लालसर-नारिंगी होते. असे का?

कारण बर्न केल्यावर तिन्ही चॅनेल सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. एक उदाहरण घ्या. गव्हाळ त्वचेचा एक पिक्सेल लाल १८०, हिरवा १२०, निळा ९० असा आहे. सॉफ्ट लाइटमध्ये पूर्ण काळ्याने बर्न केले तर तो साधारण १२७, ५६, ३२ होतो. आधी लाल निळ्याच्या दुप्पट होता, आता चौपट झाला. रंग भडकला. २ टक्के फ्लोने हा बदल लहान असतो, पण दिशा तीच राहते आणि गालाखाली, जबड्यावर, गळ्याशी तो साचत जातो. सावळ्या त्वचेवर तो लवकर दिसतो, कारण निळा चॅनेल मुळातच खाली असतो.

उपाय: कर्व्ह्ज वापरत असाल तर लेयरचा मोड ‘ल्युमिनॉसिटी’ करा. मग रंग आणि संपृक्तता बऱ्यापैकी जागच्या जागी राहून फक्त उजेड बदलतो. ग्रे लेयरवर असाल तर त्याच्या वर ह्यू/सॅच्युरेशन लेयर घ्या, सॅच्युरेशन -१० ते -१५ करा, मास्क काळा करा आणि जिथे रंग चढलाय तिथेच उघडा.

डॉजमध्ये उलटे होते, सावळा चेहरा उजळताना तो राख फासल्यासारखा होतो. गडद भागात मुळात रंगच थोडा असतो, उजेड वाढवला तरी रंग वाढत नाही. अशा वेळी ग्रे लेयरवर पांढऱ्याऐवजी त्याच चेहऱ्याच्या उजळ भागातला रंग उचलून (ब्रश हातात असताना ऑल्ट + क्लिक) त्याने रंगवा. आणि मुळात सावळा चेहरा गोरा करायला हे तंत्र वापरू नका. चेहऱ्याला आकार देणारा प्रकाश त्वचेवरच्या चमकेत असतो: कपाळ, नाकाचा दांडा, गालाचे हाड. तेवढी चमक उचलली की चेहरा उठून दिसतो आणि वर्ण माणसाचाच राहतो.

त्वचा गुळगुळीत करण्यासाठी डॉज-बर्न वापरतात ते कसे?

त्वचेवरचे खड्डे आणि डाग म्हणजे बऱ्याचदा उजेड-अंधाराचे बारीक ठिपके. गडद ठिपका डॉज करून आणि उजळ ठिपका बर्न करून शेजारच्या त्वचेइतका आणला, की तो दिसेनासा होतो आणि छिद्रांचा पोत तसाच राहतो. ब्लरने हे जमत नाही.

सर्वांत वर दोन मदतनीस लेयर ठेवा: एक पूर्ण काळा, मोड ‘कलर’, म्हणजे फोटो कृष्णधवल दिसेल, आणि त्याच्या वर कॉन्ट्रास्ट वाढवणारा कर्व्ह. आता असमान ठिपके ठळक दिसतात. १०० ते २०० टक्के झूम, ब्रश ठिपक्याएवढा, फ्लो १ ते २ टक्के. दर दोन-तीन मिनिटांनी झूम कमी करून चेहरा पूर्ण बघा, विंडो > अरेंज मधून त्याच फोटोची दुसरी खिडकी शेजारी उघडून ठेवलीत तर आणखी बरे. काम झाल्यावर मदतनीस लेयर बंद करायला विसरू नका, आणि रंगीत फोटोत एकदा तपासा: कृष्णधवलमध्ये बेमालूम वाटणारा भाग रंगात लाल उरलेला असतो. ती रंगाची अडचण आहे, उजेडाची नाही, तिथे आणखी डॉज करून उपयोग नाही.

सुरकुत्या पूर्ण पुसू नका. सुरकुतीची गडद रेघ निम्मी उचला आणि सोडून द्या.

वारीतला पोर्ट्रेट: पांढरी टोपी, सावळा चेहरा, भर दुपार. कसे हाताळावे?

टोपी आणि सदरा जवळजवळ जळालेले, डोळे टोपीच्या सावलीत, मागे उजळ गर्दी. महाराष्ट्रात फोटो काढणाऱ्यांकडे अशा फ्रेम ढिगाने असतात, म्हणून जरा सविस्तर.

रॉमध्ये हायलाइट्स -५० ते -७० करा. टोपीच्या घड्या दिसू लागल्या पाहिजेत. शॅडोजचा स्लायडर +१५ च्या पुढे नेऊ नका, चेहऱ्याचे काम ब्रशने करायचे आहे. मग मागची गर्दी अर्ध्या ते पाऊण स्टॉपने बर्न करा. कडेकडेला जास्त आणि चेहऱ्याजवळ कमी, म्हणजे चेहऱ्याभोवती कडा दिसत नाही. आता चेहऱ्याला +०.३ ते +०.४ स्टॉप. टोपीखालची सावली उचला पण टोपीच्या कडेखालची बारीक गडद रेघ तशीच ठेवा. ती गेली की टोपी कपाळावर चिकटवल्यासारखी दिसते.

कपाळावरचा बुक्का डॉजमधून वगळा. काळा बुक्का उजळला की राखाडी डाग होतो. ब्रश फिरून गेला असेल तर मास्कवर काळ्या रंगाने तेवढा ठिपका परत झाका. गोपीचंदन उलट किंचित बर्न करावे लागते, कारण ते उन्हात लवकर जळते. तुळशीमाळेच्या मण्यांवर जिथे मुळातच चमक आहे तिथेच लहान ब्रशने एक-एक टिपका द्या. पांढऱ्या दाढीत उजळ केस डॉज आणि मधल्या सावल्या हलक्या बर्न केल्या, की दाढीला पोत येतो. डोळ्यांत बुबुळाचा खालचा अर्धा भाग, म्हणजे चमकत्या ठिपक्याच्या समोरचा भाग, थोडा उचला. डोळ्याचा पांढरा भाग चेहऱ्यापेक्षा उजळ करू नका, वयस्कर माणसाचे डोळे किंचित पिवळसर असतात आणि ते तसेच शोभतात.

लग्नाच्या फोटोतही हेच नियम: नथीचे मोती आणि शालूची जर आधी बर्न करून ताब्यात आणा, मग नवरीचा चेहरा उचला.

लाइटरूममध्ये कसे करायचे?

डेव्हलपमध्ये मास्किंग उघडा (शिफ्ट + डब्ल्यू) आणि ब्रश निवडा (के). एका मास्कला एक्सपोजर +०.३०, दुसऱ्याला -०.४० द्या. फेदर १००, फ्लो १० ते २०. डेन्सिटी म्हणजे कमाल मर्यादा: ती ५० ठेवली तर कितीही घासले तरी परिणाम निम्म्यावर थांबतो. कुठे रंगवलेय ते बघायला ओ दाबा. खोडायला ऑल्ट धरून ब्रश फिरवा.

ब्रशने कडा सांभाळण्यापेक्षा मास्क एकमेकांत छेदणे जास्त सोयीचे. ‘फक्त उजळ ढग बर्न करायचे’ असेल तर आकाशावर लिनिअर ग्रेडियंट टाका आणि त्याच मास्कला ल्युमिनन्स रेंजने इंटरसेक्ट करा, रेंज उजळ टोकाकडे ठेवा. डोंगराची कड आपोआप वाचते. मास्कचा अमाउंट स्लायडर शेवटी सगळा परिणाम एकत्र कमी-जास्त करतो, म्हणून आधी थोडे जास्त करून मग ७० वर आणणे हा चांगला मार्ग आहे. ऑटो मास्क त्वचेवर आणि आकाशात बंद ठेवा, त्याने ठिपकेदार कडा येतात.

पावसाळ्यातल्या सह्याद्रीचे फोटो बर्न केले की मळकट का दिसतात?

कारण धुके बर्न होते. धुके हा फोटोतला उजळ, कमी कॉन्ट्रास्टचा भाग आहे. त्याला गडद केले की तो काजळी धरल्यासारखा राखाडी होतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या फ्रेममध्ये धुके उजळच ठेवा आणि बर्न फक्त कड्याच्या काळ्या खडकावर, तेही जवळच्या खडकावर करा. डोंगरांच्या एकामागे एक रांगा असतील तर लांबची रांग नेहमी जवळच्या रांगेपेक्षा फिकट हवी. लांबची रांग ‘ठळक दिसावी’ म्हणून बर्न केली, की दोन्ही रांगा एकाच अंतरावर येतात आणि खोली संपते.

डॉजसाठी जागा: ओल्या कातळावरची चमक, पायवाट, धबधब्याची मुख्य धार, गवतावर पडलेला उन्हाचा कवडसा. सगळे गवत उजळले तर पोपटी रंग डोळ्यांत खुपतो.

कडेने उजळ वलय का येते?

ब्रशची मऊ कड डोंगर ओलांडून आकाशात गेली म्हणून, किंवा आकाश बर्न करताना कडेजवळचा पट्टा सुटला म्हणून. दोन उपाय आहेत. ब्रश लहान करून, २०० टक्के झूममध्ये तो पट्टा भरून काढा. किंवा मास्कच ल्युमिनॉसिटीवरून बनवा: फोटोशॉपमध्ये कंट्रोल + ऑल्ट + २ दाबले की फोटोतल्या उजळ भागांचे सिलेक्शन येते, ते चालू ठेवून बर्न लेयरवर रंगवा. सिलेक्शनच्या हलत्या रेघा त्रास देत असतील तर कंट्रोल + एच ने लपवा.

दुसरा कमी ओळखीचा उपाय ‘ब्लेंड इफ’ आहे. बर्न लेयरवर डबल क्लिक करा, अंडरलायिंग लेयरच्या काळ्या त्रिकोणाला ऑल्ट धरून दुभंगा आणि उजवा अर्धा ४० पर्यंत न्या. मग गडद भाग आणखी काळे पडत नाहीत. डॉज लेयरसाठी पांढरा त्रिकोण असाच दुभंगून २१० पर्यंत आणा.

फटकारे डागाडागांसारखे दिसतात. सगळे पुन्हा करावे लागेल का?

नाही. मोठ्या भागांचे काम असेल तर त्या ग्रे लेयरला किंवा मास्कला गॉशियन ब्लर द्या, १० ते ३० पिक्सेल. डाग विरघळतात, खालच्या फोटोचा पोत शाबूत राहतो. त्वचेच्या बारीक कामावर मात्र हा ब्लर देऊ नका, ठिपक्यांवर बसवलेला उजेड शेजारी सांडतो. म्हणूनच मोठे काम आणि बारीक काम वेगवेगळ्या लेयरवर ठेवावे.

निळ्या आकाशात पट्टे आणि सावलीत दाणे येतात, ते का?

पट्टे ८ बिटमुळे: हळूहळू बदलणाऱ्या रंगाला पुरेशा पायऱ्या उरत नाहीत. १६ बिटमध्ये काम करा, तरी दिसले तर आकाशावर १ टक्क्याच्या आसपास नॉइज टाका. दाणे सावली जास्त उचलल्यामुळे: तिथे सेन्सरला मुळात प्रकाशच कमी मिळालेला असतो. मोबाइलचे आणि जास्त आयएसओचे फोटो एका स्टॉपच्या पुढे उचलू नका. आधी नॉइज कमी करून घ्या, मग डॉज करा.

पूर्ण पांढरा झालेला भाग बर्न करून परत आणता येतो का?

नाही. तिन्ही चॅनेल २५५ ला टेकले असतील तर तिथे तपशील नाहीत. एक्सपोजर कमी केल्यावर मिळतो तो सपाट राखाडी ठिपका, आणि तो पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो. रॉमध्ये एखादा चॅनेल वाचलेला असेल तर हायलाइट्स स्लायडरने थोडे परत येते. ते आधी करा. लहान जागा असेल तर शेजारचा पोत क्लोन करून भरा.

मोफत सॉफ्टवेअरमध्ये जमते का?

जमते. गिंपमध्ये नवा लेयर ८०८०८० या राखाडीने भरा, मोड सॉफ्ट लाइट करा, बाकी तसेच. त्यातले डॉज/बर्न टूल शिफ्ट + डी ने येते, कंट्रोल धरल्यावर दोहोंत अदलाबदल होते, आणि तेही थेट पिक्सेलवर काम करते. डार्कटेबलमध्ये एक्सपोजर मॉड्यूलची नवी प्रत काढून तिला ड्रॉन मास्क द्या, त्याला पॅरामेट्रिक मास्कची जोड देता येते. रॉवर काम होत असल्याने निसर्गचित्रांसाठी हा उत्तम पर्याय आहे.

फक्त मोबाइल आहे.

स्नॅपसीडमधल्या ब्रशमध्ये डॉज अँड बर्नचा पर्याय आहे. +५ आणि -५ वापरा, १० नको. ब्रश लहान हवा असेल तर फोटो झूम करा. बोटाने कडा सांभाळता येत नाहीत, म्हणून मोबाइलवर बारीक कामाच्या मागे न लागता मोठे भाग हाताळा: पार्श्वभूमी खाली, चेहरा किंचित वर. स्क्रीनचा ऑटो ब्राइटनेस आणि नाइट मोड बंद करून काम करा, नाहीतर रात्री केलेला फोटो सकाळी वेगळाच दिसतो.

जास्त झाले हे कसे कळणार?

लेयर बंद-चालू करा. बंद केल्यावर फोटो थोडा निस्तेज वाटला, तर प्रमाण बरोबर आहे. बंद केल्यावर ‘हाच बरा होता’ असे वाटले, तर जास्त झालेय. फोटो आडवा उलटा करून बघा, सवयीची नजर तुटते आणि चुकीच्या दिशेचा उजेड लगेच दिसतो. तासाभराने पुन्हा बघा. बहुतेक वेळा सगळ्या डॉज-बर्न ग्रुपची ओपॅसिटी ६० ते ७० वर आणली की काम नीट बसते.

बातमीच्या किंवा स्पर्धेच्या फोटोत चालते का?

वृत्तछायाचित्रणात मर्यादित डॉज-बर्न परंपरेने मान्य आहे. मर्यादा अशी की त्यामुळे फोटोतला मजकूर बदलता कामा नये. कोपऱ्यातला माणूस क्लोनने पुसला काय किंवा काळा होईपर्यंत बर्न केला काय, बघणाऱ्यापासून तो लपवलाच. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१५ च्या स्पर्धेत उपांत्य फेरीतले सुमारे २० टक्के फोटो अशाच फेरफारांमुळे बाद झाले, आणि त्यातल्या काहींमध्ये टोनिंग इतके होते की तपशीलच नाहीसे झाले होते. मूळ रॉ फाइल मागितली जाते, ती जपून ठेवा आणि प्रवेशिका भरण्याआधी त्या स्पर्धेचे नियम वाचा.

स्क्रीनवर छान दिसतो, प्रिंट काळी येते. काय करू?

स्क्रीन जास्त उजळ आहे. प्रिंटसाठी काम करताना ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ही पातळी ठेवा. मोजायचे यंत्र नसेल तर स्क्रीनवर रिकामे पांढरे पान उघडा, शेजारी खिडकीच्या उजेडात कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत स्क्रीन उतरवा. मॅट कागदावर गडद छटा एकमेकांत मिसळतात. त्यामुळे आल्बम मॅट असेल तर बर्न लेयरची ओपॅसिटी १५ ते २० ने कमी करून वेगळी प्रत काढा. पूर्ण आल्बम छापायला देण्याआधी सर्वांत गडद फोटोची एक लहान प्रिंट मागवून बघा. लेयर असलेली पीएसडी किंवा टिफ जपून ठेवा, आणि लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा कॉम्प्रेस होतो आणि बर्न केलेल्या आकाशातले पट्टे परत येतात.